घट्ट लावलेली बटणं

मी, खाली सही करणारी, वय वर्षं शहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्या मागच्याच खोलीत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. मग शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. मी म्हटलं, बाई, छाती चाळीस, उंची अठ्ठावन्न, पायघोळ झग्याला कापड किती लागेल ते आधी तुम्ही सांगा. त्या हसल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

डोळे मात्र दुपारी मिटतात. मशीनवर मान टेकून मी अर्धा अर्धा तास कुठेतरी जाऊन येते. हे कागद त्या जाण्यायेण्यात लिहिले आहेत, तेव्हा कलमं कुठे लांब, कुठे आखूड झाली असतील तर सांभाळून घ्यावं.

याआधीचं मृत्युपत्र माझ्या भावाने लिहून आणलं होतं आणि मी न वाचता सही ठोकली होती. ते रद्द समजावं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्यात सगळं भावाला होतं आणि माझी इस्त्री तेवढी मला ठेवली होती.

कलम एक. पुढची दुकानाची खोली चर्चची आहे. माझ्या वडिलांना ती चर्चची शिलाई करण्यासाठी मिळाली, त्यांच्यामागे मला. ती मला कुणाला देता येत नाही. मागची खोली वडिलांनी स्वतः घेतली, ती माझी. ती मी माझ्या भाचीला देते. माझी बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. कापडाच्या तुकड्यांत खेळत ती या टेबलाखाली वाढली. आज अठरा वर्षं ती चर्चच्या शाळेत शिकवते. या खोलीच्या खिडकीतून चर्चचा मागचा दरवाजा दिसतो. तिने हवं तर खिडकीला जाड पडदा लावावा, मी कधी लावला नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल तेही भाचीचं. माझा शेवटचा विधी त्यातून व्हावा, साधा व्हावा. गाणं नको. ज्यांना गाण्यावाचून चैन पडत नाही त्यांनी घरी जाऊन म्हणावं.

कलम तीन. शिवणयंत्र आणि मोठं टेबल चौकातल्या शिवणवर्गाला द्यावं, कारण भाची शिवणाच्या नावाने बोटं मोडते. यंत्राचं चाक सुरुवातीला मागे जातं, हाताने एकदा पुढे ढकलावं लागतं, एवढं तिथल्या मुलींना सांगावं. मोठी कात्री वहिनीला. ही कात्री तिने वीस वर्षांपूर्वी मागून नेली आणि कागद कापायला वापरली. कापडाची कात्री कागदाला लावणं, शिंप्याच्या घरात याहून मोठा गुन्हा नाही असं मी समजत होते. त्या रागात मी तिच्याशी सहा वर्षं बोलले नाही. आता वाटतं, रुसायला मी किती सोपी जागा शोधली होती. वहिनी, कात्री तुझी. वाटेल ते काप.

कलम चार. मला जे नेसवाल, घालाल, त्याला बटण नको. नाड्या चालतील.

कलम पाच. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लहान पांढरा झगा आहे. छाती चोवीस, उंची अडतीस, पुढे सहा बटणं. चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेच्या वेळी वेदीपाशी उभं राहून सेवा करणाऱ्या मुलांना असे झगे लागतात. ते सगळे मीच शिवत आले. मुलं वाढती असतात म्हणून आतल्या बाजूला कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे दरवर्षी उसवून झगा मोठा करता येतो. हा झगा कधी मोठा करावा लागला नाही.

तो ज्याचा, त्याला मी चिमणा म्हणायचे. माप घेताना इतका हलायचा की टेप धरवत नसे. नऊ वर्षांचा होता. आवाज गोड होता, म्हणून गाणारे फादर त्याला शिकवत. त्यांना सगळे गाणारे फादरच म्हणत, कारण ते मिस्सा म्हणू लागले की रस्त्यावरची माणसंही थांबत. मीही थांबायचे. सुई हातात तशीच राहायची. एवढ्या गोड गळ्याच्या माणसात काही वाईट असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही, आणि मला स्वप्नं पुष्कळ पडतात.

पहिल्यांदा चिमण्याच्या झग्याची दोन बटणं तुटून आली. मुलांचं असंच असतं म्हणून मी लावून दिली. दुसऱ्यांदा चार तुटली, एक काजही फाटलं होतं. मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, "झगा आहे की पोतं? हातपाय आवर जरा." तो खाली बघत राहिला. मी जाड कोटांसाठी वापरतात तो मेण लावलेला दोरा काढला आणि एकेक बटण आठ आठ फेरे देऊन लावलं. मला माझ्या हातकामाचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवते.

तिसऱ्यांदा तो झगा घेऊन आला तेव्हा बटणं जागच्या जागी होती. दोरा तुटला नव्हता, म्हणून कापडच फाटलं होतं.

तो काउंटरपाशी उभा राहिला. दुपार होती, खिडकीतून उजेड येत होता आणि कापडाची धूळ त्यात तरंगत होती. तो त्या धुळीकडे बघत म्हणाला, "मावशी, या वेळी इतकी घट्ट लावा की उघडणारच नाहीत."

मी विचारलं, कुठे तुटतात रे ही? तो म्हणाला, गाण्याच्या तासाला. गाण्याच्या तासाला ते दोघंच असत.

मला तेव्हा कळलं. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की मला काही कळलं नाही, मी साधी बाई. ते खोटं आहे. मला तिथल्या तिथे, टेप गळ्यात असताना कळलं. मी फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावलं आणि त्याच मेणाच्या दोऱ्याने बटणं पुन्हा बसवली, कारण मुलाने माझ्याकडे तेवढंच मागितलं होतं. तो मात्र झगा न्यायला आला नाही. चर्चमध्येही पुन्हा दिसला नाही.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मला एक दोरी दिसते. तिच्यावर लहान लहान पांढरे झगे वाळत असतात, सगळ्यांची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आत कुणी नसतं. वारा नसताना ते हलतात. मी टाके कापायची उसवणी शोधत सुटते, टेबलावर, डब्यात, केसांत, आणि सापडायच्या आधी जाग येते. एक्केचाळीस वर्षं झाली, या काळात दोरी लांबत गेली आहे.

हा झगा मी बिशपांना देते. तो त्यांनी आपल्या हातांनी उघडून बघावा.

कलम सहा. माझी मापवही. हे कलम नीट वाचावं, बाकीची कलमं याच्याचसाठी लिहिली आहेत.

आमच्याकडे वडिलांपासून एक पद्धत आहे. ज्याचा कपडा, त्याचं माप, काय शिवलं, काय दुरुस्त केलं, का केलं, सगळं तारखेनिशी वहीत लिहायचं, आणि जो माल घेऊन जाईल त्याने त्याच पानावर शेवटी सही करायची. राजा असो की हमाल, सहीशिवाय कपडा दारातून बाहेर जात नाही. चिमण्याच्या तिसऱ्या दुरुस्तीच्या दिवशी मी लिहिलं आहे: लहान झगा, कापड फाटलं, बटणं गाण्याच्या तासाला ओढली जातात असं मूल सांगतं, गाणाऱ्या फादरांविषयी चिटणिसांना सांगितलं, बघतो म्हणाले.

चिटणीस म्हणजे आजचे बिशप. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि जुन्या बिशपांची सगळी पत्रं, सगळ्या बदल्या त्यांच्या हातून जात. मी त्यांना दुकानात बोलावून, दार लोटून, जे कळलं ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, तुम्ही टाके घाला, बाकीचं आम्ही बघतो.

चौदा दिवसांनी ते पुन्हा आले. गाणाऱ्या फादरांना नवा झगा हवा होता, दोन दिवसांत, कारण त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली होती. मी रात्रीचा दिवस करून शिवला. ब्याद टळली, एवढंच माझ्या मनात आलं. ती दुसऱ्याच्या दारात चालली आहे आणि तिच्या अंगावर मी शिवलेला कपडा आहे, हा विचार मी मनाशी येऊ दिला नाही. चिटणीस झगा न्यायला आले. जागा होती म्हणून ती नोंद मी त्याच पानावर केली होती, चिमण्याच्या नोंदीच्या खाली. त्यांनी पेन उघडलं, पान वरपासून वाचलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे असलं वहीत कशाला लिहिता?"

मी म्हटलं, "केलेल्या कामाची नोंद आहे, फादर."

त्यांनी बोट उचललं आणि खाली सही केली. पद्धत ती पद्धत.

त्यानंतर गाणाऱ्या फादरांचे आणखी तीन झगे मी शिवले, तीन वेगवेगळ्या गावी पाठवायला. चारही पत्ते वहीत आहेत, प्रत्येक खेपेला कंबर दोन इंच वाढलेली. भावाला मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, चर्च आपलं गिऱ्हाईक आहे. मी त्याचं ऐकलं असं म्हणायची मला सवय लागली आहे. खरं म्हणजे त्याने तसं म्हणावं म्हणूनच मी त्याला विचारलं होतं. भावाला वडिलांचा फोटो द्यावा.

गाणारे फादर नऊ वर्षांपूर्वी वारले. गेल्या साली वरून हुकूम आला आणि तीन जणांची चौकशी समिती बसली. चिमणा तिच्यापुढे गेला. तो आता पन्नास वर्षांचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, एक मुलगी आहे त्याला. तिथे त्याला सांगण्यात आलं की त्या वर्षीचे कागद ओल लागून गेले, आणि बिशपांनी लेखी दिलं की मला त्या वेळी कुणी काहीही सांगितलं नव्हतं. चिमण्याला दुसरं काही नको होतं. मेलेल्या माणसाला शिक्षा नको, भरपाई नको. बिशपांनी चार माणसांत एवढंच म्हणावं, मला सांगितलं गेलं होतं. एवढ्यासाठी तो माझ्याकडे आला. स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, मावशी, तुमच्या वहीत असेल का हो काही?

आणि मी म्हटलं, "वह्या उंदरांनी खाल्ल्या रे बाबा."

तो बरं म्हणाला. दारापर्यंत गेला, परत आला, माझं लोंबणारं विजेचं बटण त्याने पेचकस काढून घट्ट करून दिलं आणि गेला. त्या दिवशी मी जेवले नाही. पुढची खोली चर्चची, भाचीची नोकरी चर्चची, मी कोणत्या तोंडाने बोलू, असं स्वतःला समजावत राहिले. भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेपायी भिकेला लागला तो मात्र चिमणा.

म्हणून ही मापवही मी माझ्या मृत्यूनंतर चिमण्याला देते. पान एकशे बारा. तिथे पांढरा दोरा घालून ठेवला आहे.

वरचं लिहून झालं त्याला आज आठ दिवस होतात. आता पुढचं लिहिते.

भाची शाळेतून आली, कागद बघितले, वाचू का म्हणाली. मी वाच म्हटलं. तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि पाचव्या कलमाला खाली बसली. वाचून झाल्यावर खूप वेळ टेबलाच्या पायावर बोटाने गिरवत राहिली, लहानपणी गिरवायची तशी.

मग म्हणाली, "माझी नोकरी माझी मी बघेन. तू माझ्या पदराआड लपू नकोस, मावशी."

मी म्हटलं, देतेच आहे की वही. ती म्हणाली, मेल्यावर. बिशप चौऱ्याहत्तर, तू शहात्तर. आधी ते गेले तर वही कुणाला दाखवायची? चिटणिसांनी त्या माणसाला पुढच्या गावी पाठवलं होतं. मी वही माझ्या मरणापलीकडे पाठवत होते. मीही बदलीच करत होते, आणि वर त्याला मृत्युपत्र म्हणत होते.

शुक्रवारी चिमण्याला बोलावलं. कामावरून परस्पर आला, हाताला वंगण. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"उंदरांनी चांगली जपली की," तो म्हणाला.

मी चुकले म्हटलं. एकदा म्हटलं ते पुरेसं वाटेना म्हणून पुन्हा म्हटलं. हात पुसून आला, पान एकशे बारा उघडलं आणि एकेक शब्द बोटाने वाचला. मग पाणी मागितलं.

रविवारी मिस्सा झाली की बिशप सभागृहात लोकांना भेटतात. आज आम्ही तिघं गेलो. भाचीने समितीतल्या वकीलबाईंना आधीच बोलावून ठेवलं होतं. बिशपांच्या अंगावर मीच शिवलेला झगा होता, डाव्या खांद्याला किंचित ओढतो, ते मला दारातूनच दिसलं. एवढ्या माणसांतून मी दुपारी डोळा लागल्यावर चालते तशी चालले. बिशप म्हणाले, अरे, मावशी, या या. मी वही त्यांच्यापुढच्या टेबलावर उघडून ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की फादर, सही ओळखा.

त्यांनी चष्मा लावला. शेजारचे त्यांचे आताचे चिटणीस वाकून म्हणू लागले की ही ती वेळ नव्हे. बिशपांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

चिमणा हात मागे बांधून उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "आणि वरची ओळ?"

बिशपांचं बोट त्या ओळीवर गेलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी जिथे ठेवलं होतं, तिथेच.

"वाचली होती," ते म्हणाले. "तेव्हाच वाचली होती."

चाळीसएक माणसांनी ऐकलं. वकीलबाईंनी लिहून घेतलं, पान एकशे बारा आणि चारही पत्ते उतरवून घेतले. त्यातल्या एका गावचा सुतार आणि दुसऱ्या गावची एक बाई समितीपुढे आधीच येऊन गेले होते, त्यांचंही कुणी खरं मानलं नव्हतं, हे मला तिथेच कळलं. ते दोन्ही पत्ते माझ्याच अक्षरात होते. बिशपांचं पद राहतं की जातं, मला ठाऊक नाही. पुढची खोली राहते की जाते, तेही नाही. उद्या कुणी विचारलं तर मी पुन्हा येईन आणि पुन्हा तेच सांगेन.

तिथून चिमणा माझ्याबरोबर दुकानात आला. मी कपाटातून झगा काढला आणि म्हटलं, हा मी बिशपांच्या नावे लिहून ठेवला आहे. तो म्हणाला, नाही, हा त्यांना द्यायचा नाही. स्टुलावर बसला, झगा मांडीवर घेतला आणि उसवणी मागितली. या वेळी ती समोरच होती. एकेका बटणाचे आठ आठ फेरे तो कापत बसला. मेणाचा दोरा जुना झाला की आणखी चिवट होतो. खिडकीतून उजेड येत होता, कापडाची धूळ तरंगत होती, आणि मला डोळा लागला. दोरी कुठे दिसली नाही. जाग आली तेव्हा वाटीत पाच बटणं पडली होती.

सहावं त्याने ठेवलं होतं. उसवणी माझ्या हातात देत म्हणाला, "हे तुमचं."

आठही फेरे कापायला मला वेळ लागला. त्याने घाई केली नाही.

सबब, कलम पाच आणि कलम सहा मी माझ्या हाताने रद्द करते. त्यातल्या दोन्ही वस्तू आता माझ्या राहिलेल्या नाहीत. ज्याच्या त्याला, मी जिवंत असताना, दिवसाउजेडी दिल्या आहेत. बाकी कलमं जशीच्या तशी कायम.

हे मृत्युपत्र मी पुन्हा एकदा वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष सही केलं आणि त्यांनी माझ्या समक्ष.

स्थळ: शिवणाचं दुकान, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार.

सही: शिवणकाम करणारी.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीण, खालचा मजला. सही.

साक्षीदार दुसरा: लिफ्ट दुरुस्त करणारा, वय पन्नास. सही.

टीप. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, म्हणून स्पष्ट लिहिते. दुसऱ्या साक्षीदाराला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्याची साक्ष चालते.